उत्तरदाते अण्णा

अण्णांचं वय 62, 68 किंवा 71 आहे. तुम्ही कुणाचा फॉर्म उघडता त्यावर ते ठरतं. घरात माणसं पाच की सात, हेही तसंच. एका प्रश्नावलीत 'एका चुलीवर जेवणारे' मोजतात, दुसरीत 'गेले सहा महिने मुक्कामाला असलेले', आणि अण्णांचा धाकटा मुलगा-सून तर दिवाळीपासून ऊसतोडीवर. अण्णा खोटं बोलत नाहीत. ते प्रश्नाला धरून बोलतात.

असा माणूस जामखेड तालुक्यातल्या कुठल्याही गावात भेटेल, म्हणून गावाचं नाव सांगत बसत नाही. हा तालुका नगर जिल्ह्याच्या टोकाला, बीड आणि धाराशिवला खेटून. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झाल्यापासून अण्णांच्या प्रत्येक फॉर्मात तो एक रकाना खोडून लिहिलेला असतो.) पाऊस बेभरवशाचा, जमीन मुरमाड. बाहेरच्या माणसानं मुद्दाम इथं यावं असं काही नव्हतं. पण रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर जोडपं अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकून आलं आणि 1970 साली त्यांनी जामखेडला बिऱ्हाड केलं. गावातल्याच, बहुतेक अक्षरओळख नसलेल्या बायांना त्यांनी आरोग्यसेविका केलं. गरोदर बाईकडे लक्ष, हगवण लागलेल्या पोराला मीठ-साखरेचं पाणी, क्षयाचा नि कुष्ठरोगाचा पेशंट हुडकणं, ही कामं या बाया करू लागल्या. 1971 साली इथं जन्मलेल्या दर हजारांमधली 176 बाळं वर्षाच्या आत जात होती. तो आकडा पुढं झपाट्यानं उतरला. 1975 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तकात जामखेडवर प्रकरण आलं, 1979 साली दोघांना मॅगसेसे मिळालं, आणि जग जामखेड बघायला येऊ लागलं. जग येतं ते वही घेऊन. त्या वहीसमोरच अण्णांना मिसरूड फुटलं.

त्यामुळे त्यांची नजर आता पक्की झालीय. पाहुणा फाट्यावर उतरला की ओसरीवरूनच ते निदान करतात. "बाटल्या हायेत. पाण्यावालं." "पट्टी हाय गळ्यात. साखरवालं." हातात नुसताच टॅब असेल तर थोडे थांबतात, कारण त्यात काहीही निघू शकतं.

आशाताई तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा फॉर्म भरते. त्यात वय, तंबाखू, दारू, कंबर, व्यायाम यांना गुण असतात आणि बेरीज चारच्या वर गेली की माणसाला तपासणीला आधी बोलवतात. पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरपर्यंत असेल तर शून्य गुण. पट्टी निघाली रे निघाली की अण्णा श्वास ओढून उभे राहतात आणि पट्टी सुटेपर्यंत गावाकडे बघत नाहीत. कंबरेला त्यांना आजवर शून्यच गुण पडलेत. तंबाखूचं विचारलं की ते या गालातली त्या गालात नेऊन सांगतात, "सोडली." कधी? "तुमी येताना दिसला तवा."

अण्णांच्या बायकोचा, म्हणजे काकूंचा, या शास्त्रावर विश्वास नाही. "दिवसाला चहात साखर किती चमचे?" असं एका मुलीनं अण्णांना विचारलं, तर आतून आवाज आला, "ह्यांच्या कपात तीन. तुमच्यात दोन घातलीय, पिऊन बघा."

एकदा मनाच्या आरोग्यावाले आले. गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटलं का, कामात मन लागेनासं झालं का, असं त्यांनी फार हळुवारपणे विचारलं. अण्णा म्हणाले, "लिलाव सोमवारी हाय. कांद्याचा भाव निघू द्या, मग सांगतो."

हसू येतं, पण अडचण खरी आहे. साखरवाल्यांना पाण्यावाले ठाऊक नाहीत, पाण्यावाल्यांना मनवाले. एकाच घराचं रक्त दोनदा निघतं, एकाच विहिरीचं पाणी तीन प्रयोगशाळांत जातं, आणि तिन्ही अहवाल विहिरीपाशी कधीच येत नाहीत. अण्णांची तक्रार थोडक्यात आहे: "रगत जातंय, कागद येत न्हाई." माझ्या मते आरोळ्यांच्या कामाचं मर्म इथंच होतं आणि बघायला आलेल्या बऱ्याच जणांनी तेवढंच सोडून बाकी सगळं टिपून नेलं. गावातली शेतकरी मंडळं पाहणीत स्वतः उतरत. आरोग्यसेविका दर आठवड्याला जामखेडला जमत; एकीच्या गावात काय झालं ते दुसरीला कळे आणि ती घरी जाऊन तोच उपाय करून बघे. विचारणारा, सांगणारा आणि उपाय करणारा एकाच सतरंजीवर. यालाच आता 'सहयोगी संशोधनाचं जाळं' म्हणतात आणि त्यासाठी हॉटेलात हॉल घ्यावा लागतो.

अशाच एका हॉलमध्ये, नगरला, अण्णांना 'समुदाय प्रतिनिधी' म्हणून नेलं होतं. गळ्यात ओळखपत्र, पुढ्यात पाण्याची बाटली, बाटलीशेजारी पेपरमिंट. सकाळभर पडद्यावर गोल आणि बाण हलत होते. प्रत्येक गोल म्हणजे एक संस्था, आणि मधल्या गोलात 'समुदाय'. अण्णांनी शेजारच्याला विचारलं, "ह्यो मधला मीच का?"

गंमत जेवणाच्या रांगेत झाली. ताटं घेऊन उभी असलेली ही विद्वान मंडळी एकमेकांना अनोळखी होती, पण प्रत्येक जण अण्णांकडे बघून हसत होता. मग अण्णाच यजमान झाले. "या मॅडम, पाण्यावाल्या. आणि हे सर, हगवणीचे. सर, तुमी ज्या हगवणीचं इचारत व्हता ना, ती मॅडमच्या बाटलीत हाय." मॅडम आणि सर एकमेकांकडे बघत राहिले. सरांनी पापड खाली ठेवला. कुठली वाडी, कुठला महिना, कुठला हापसा, अशी विचारपूस सुरू झाली, आणि गुलाबजाम संपायच्या आत दोघांनी एकमेकांचे आकडे मागून घेतले. पलीकडे साखरवाल्या डॉक्टरांना अण्णांनी मनवाल्या ताईंच्या हवाली केलं: "दोघांच्या वहीत मीच हाय. वय तेवढं जुळवून घ्या."

दुपारच्या सत्रात कुणीतरी व्हॉट्सॲपचा गट काढला. अ‍ॅडमिन कोण, यावर थोडी ओढाताण झाली. संस्थांची नावं कुठल्या क्रमानं लिहायची, यावर जास्त झाली. सगळ्यांचे नंबर एकाच माणसाच्या फोनमध्ये होते, तेव्हा शेवटी अ‍ॅडमिन अण्णाच झाले. तेव्हापासून गटावर रोज पहाटे गुलाबाच्या फुलासह सुप्रभात येतं, त्याखाली गावात आज किती जणांना ताप आहे ते येतं, आणि त्याखाली कांद्याचा भाव.

जाळ्याचा पहिला ठराव एकमतानं झाला. सगळ्यांनी मिळून एकच सामायिक प्रश्नावली करायची आणि तिची सुरुवात अण्णांच्या गावातून करायची. प्रश्न दोनशे चौदा. अण्णांना संमती विचारली तेव्हा त्यांनी खिशातून छोटी डायरी काढली, बोट ओलं करून पानं उलटली.

"या की. फकस्त गुरुवारी नको, गुरुवारी डोळ्यावालं येणारेत."