स्थळ जरा विचित्रच आहे, बाई!

अगं, ऐकलंस का? कुणाबद्दल वाईट बोलायची मला मेलीला सवय नाही. पण रॉजर झेलाझ्नीच्या ‘धिस इमॉर्टल’ कादंबरीतलं ते कॉनराड नावाचं स्थळ काही माझ्या मनात भरत नाही.

रूपाच्या नावानं आनंदी आनंद. एक डोळा निळा, एक तपकिरी. गालावर बुरशीचा जांभळा डाग, अगदी आफ्रिकेचा नकाशा! एक पाय आखूड. वय विचारायची सोय नाही. नावं बदलत बदलत पठ्ठ्या आपला तरुणच. लग्नाच्या बायकोलाही संशय, की हा माणूस नव्हेच, नाताळात जन्मलेला कालिकांझारोस आहे. म्हणजे तिकडचं ग्रीक भूत गं! बरोबर बोर्टन नावाचा अजस्र कुत्रा. तरी त्या देखण्या कॅसांड्रानं माळ घातलीच. चौकशी तरी केली होती का कुणी?

नोकरी म्हणशील, तर अणुयुद्धानं तीन दिवसांत पृथ्वीची राख केलेली, उरलीत जेमतेम ४० लाख माणसं. शहाणीसुरती मंडळी अभिजित ताऱ्याकडच्या निळ्या लोकांच्या चाकरीला गेली. हा मात्र इथंच, त्यांच्यातल्याच एका पाहुण्याला पडझड दाखवत हिंडतोय. हुद्दा स्मारकं सांभाळण्याचा, आणि उद्योग काय? इजिप्तचा भला थोरला पिरॅमिड उतरवणं! वर त्याचं चित्रीकरण. फिल्म उलटी फिरवली की पिरॅमिड बांधताना दिसतो म्हणे. घ्या!

असल्याला दारात तरी कोण उभं करेल? पण १९६६ साली क्लीव्हलंडच्या विज्ञानकथा संमेलनात वाचकांनी ह्यूगो पुरस्कार चक्क विभागून दिला, ‘ड्यून’ कादंबरीला आणि ह्याला! लेखकांनी निदान आपला नेब्युला पुरस्कार तरी एकट्या ‘ड्यून’च्या पदरात घातला होता. आता सिनेमे आल्यापासून जो तो ‘ड्यून’ची वाळू डोक्यावर घेऊन नाचतोय, त्याच्या मांडीला मांडी लावून बसलेल्या लंगड्याचं नाव कुणी काढत नाही.

मी? मी आपली नाकं मुरडत मुरडत रात्री दोनपर्यंत वाचत बसले होते. शेवट फोडू नये म्हणतात, पण तुझ्यापासून काय लपवायचं? निळ्या लोकांच्या घरातलं मृत्युपत्र उघडतं, आणि अख्ख्या पृथ्वीचा सातबारा ह्याच्या नावावर!

हे बघ, स्थळ वाईट आहे असं मी कधी म्हटलं?