नव्वद दिवसांच्या उधारीबद्दल अभिनंदन

मराठी मनोरंजन वाहिन्यांच्या सन्माननीय मालकांस,
धारहून

पत्रास कारण की, दैनंदिन मालिकांतल्या नटनट्यांचं मानधन कापलं जातं, थकतं, कधी बुडतं, त्यावरून अधूनमधून गलका होतो, आणि त्या गलक्यात आपलं कौतुक करायचं राहूनच जातं. ती उणीव आम्ही माळव्यातले मराठी प्रेक्षक भरून काढत आहोत. अठराव्या शतकात पवार सरदारांच्या मागोमाग इकडे आलेली आमची घरं बाहेर हिंदी-माळवी बोलतात, घरात मराठी बोलतात आणि दिवेलागणीनंतर आपल्या वाहिन्यांपुढे बसतात. आपल्या मालिकांचा टीआरपी महाराष्ट्र-गोवा या बाजारापुरता मोजला जातो, त्यामुळे धार-देवासच्या घरात टीव्ही चालू राहिला काय आणि बंद पडला काय, आपल्या जाहिरातींच्या दरात एका पैचाही फरक पडत नाही. सबब हे अभिनंदन निखळ निरपेक्ष आहे, असं धरून चालावं.

आपल्या धंद्याची घडण आम्हांला जेवढी कळली तेवढी आधी मांडतो. मालिकेतल्या नटाला पगार नसतो. त्याचा दर दिवसावर ठरतो, महिन्याला जितके दिवस बोलावणं येईल तितक्या दिवसांचं बिल होतं, आणि त्या बिलाचे पैसे नव्वद दिवसांनी मिळतात. ही नव्वद दिवसांची चाल या उद्योगात इतकी रुळली आहे की तिला उधारी म्हणणं असभ्यपणाचं मानतात. समजा, नायिकेच्या आत्याचं काम करणाऱ्या नटीला दिवसाला ४,००० रुपये ठरले आणि महिन्यातून पंधरा दिवस काम मिळालं. महिन्याचे ६०,००० होतात आणि तीन महिन्यांचे १,८०,००० कायम येणं राहतात. अशी वीस माणसं धरली तर एका मालिकेत नटांचे छत्तीस लाख रुपये बिनव्याजी, बिनतारण फिरत असतात. हा हिशेब कागदावरचा आहे. आपले खरे आकडे आपल्याला ठाऊक असतील. पण कोणत्याही बँकेत जाऊन बिनव्याजी, बिनतारण आणि परतफेडीची तारीख पुढे ढकलता येईल असं कर्ज मागून पाहावं. देवासला तर सरकारची बँक नोट प्रेस आहे, १९७०च्या दशकापासून तिथे नोटा छापल्या जातात. तिथल्या लोकांनाही इतक्या स्वस्तात पैसा मिळवण्याची युक्ती सापडलेली नाही.

खरी कमाल पुढे आहे. कपात करायची वेळ आली की ही उधारीच आपल्या कामाला येते. नटाला सांगितलं जातं की वाहिनीनं बजेट कमी केलं आहे, पुढच्या महिन्यापासून दर तीस टक्क्यांनी उतरवावा लागेल. कागदोपत्री तो नाही म्हणू शकतो. पण नाही म्हणायच्या क्षणी त्याचे मागच्या तीन महिन्यांचे पैसे समोरच्याच्या खिशात असतात. भांडून मालिका सोडली तर ते कधी मिळतील, मिळतील का, हे तो जाणतो, आणि मग हसतमुखानं मान डोलावतो. त्यानंतर ‘सर्व कलाकारांनी अडचण समजून घेतली’ असं निवेदन देता येतं. मंदी आली म्हणून कपात होते, हे स्पष्टीकरण आम्हांला अपुरं वाटतं. मंदी तर अगरबत्ती विकणाऱ्यालाही येते, पण तो कामगाराचा तीन महिन्यांचा पगार आधीच दाबून बसलेला नसतो, म्हणून त्याला कपातीसाठी निदान बोलणी करावी लागतात. २०२०च्या टाळेबंदीनंतर चित्रीकरण पुन्हा सुरू करण्याच्या वाटाघाटींत नटांच्या ‘सिंटा’ या संघटनेनं विम्याबरोबर नव्वद दिवसांची मुदत तीसवर आणण्याचा आग्रह धरला, त्याचं मर्म हेच होतं. मुदत तीस दिवसांवर आली तर कपातीला नकार देण्याची किंमत एका महिन्याची कमाई एवढीच उरते.

आता धार जिल्ह्यातलीच एक मागासलेली पद्धत आपल्या नजरेस आणतो. आमच्याकडे पीथमपूर नावाची औद्योगिक वसाहत आहे. तिथल्या कारखान्यांत पुष्कळसे कामगार ठेकेदाराकडून येतात. ठेकेदाराच्या माणसालासुद्धा महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला ठरावीक तारखेच्या आत मिळावा, असं वेतनाचा कायदा १९३६ पासून सांगतो. त्याहून गंमत १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होती. ठेकेदारानं पगार दिला नाही किंवा कमी दिला, तर तो मूळ मालकानं, म्हणजे कारखान्यानं द्यायचा आणि मग ठेकेदाराच्या बिलातून कापून घ्यायचा. नव्या कामगार संहितेतही ही तरतूद टिकून आहे. ती दर वेळी पाळली जाते असा आमचा मुळीच दावा नाही. पीथमपूर म्हणजे काही रामराज्य नव्हे. पण तिथल्या हमालाला निदान हे म्हणता येतं की माल कारखान्याचा आहे, तेव्हा पगाराची शेवटची जबाबदारीही कारखान्याची आहे. आपल्या मालिकेत रात्री साडेआठ वाजता अश्रू ढाळणाऱ्या नटीला असं काहीच म्हणता येत नाही. वेळ आपली, जाहिराती आपल्या, कथानक कुठे वळवायचं हा निर्णय आपला, नायिकेला कोणती साडी शोभते हेही बरेचदा आपणच ठरवता, आणि पैसे थकले की तो निर्माता आणि कलाकार यांच्यातला खासगी मामला होतो.

या व्यवस्थेचं मूळ कुठे असावं याचा विचार करता आम्हांला देवास आठवलं. तिथे एकाच गावात पवारांच्या दोन गाद्या होत्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन राजे, दोन दरबार, गावही दोघांत वाटलेलं. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांचा खासगी चिटणीस होता आणि त्या कारभाराची गंमत त्यानं मोठ्या मायेनं लिहून ठेवली आहे. पुढे थोरल्या पातीवर इतकं कर्ज झालं की महाराज संस्थान सोडून पाँडिचेरीला गेले आणि १९३७ मध्ये तिथेच वारले. आपल्याकडेही थोरली पाती वाहिनी आणि धाकटी पाती निर्माता. फरक एवढाच की आपल्याकडे पाँडिचेरीला जाण्याची वेळ नेहमी धाकट्या पातीवर येते. थोरली पाती खिडकीतून ते पाहते, हळहळते, आणि त्याच वेळेत दुसऱ्या धाकट्या पातीची मालिका सुरू करते.

पुरावा म्हणून दोन प्रकरणं मांडतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये ‘हे मन बावरे’ या मालिकेतल्या शर्मिष्ठा राऊत, मृणाल दुसानिस, शशांक केतकर यांनी आपलं मानधन थकल्याचं जाहीरपणे लिहिलं. मालिका तोवर संपलेली होती. निर्मात्यांनीही आपण आर्थिक अडचणीत असल्याचं जाहीरपणे मान्य केलं. कोणाचं किती चुकलं याचा निवाडा आम्ही करत नाही. आमचं लक्ष एवढ्यावरच आहे की घरोघरी ओळखीचे असलेले चेहरेदेखील दाद मागायला समाजमाध्यमावर गेले, कारण त्याहून जवळची दाद लागेल अशी जागा त्यांना दिसली नाही. दुसरं प्रकरण हिंदीतलं. ‘तारक मेहता का उल्टा चश्मा’मधले शैलेश लोढा २०२२ मध्ये मालिकेतून बाहेर पडले आणि थकलेल्या पैशांसाठी मुंबईच्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात गेले. २०२३ मध्ये समेट होऊन त्यांना १,०५,८४,००० रुपये मिळाले. हा आकडा नीट पाहावा. दिवाळखोरी कायद्याखाली कंपनीला तिथे खेचायचं तर थकबाकी किमान एक कोटी असावी लागते; मार्च २०२० मध्ये ही मर्यादा एक लाखावरून कोटीवर नेली. म्हणजे लोढांचं देणं सहा लाखांनी कमी असतं तर तो दरवाजा त्यांनाही उघडला नसता. मग आत्याच्या १,८०,००० चं काय? तिनं दिवाणी दावा लावावा आणि मालिकेतल्या कोर्टाप्रमाणे निकाल पुढच्या भागात लागेल अशी आशा धरावी.

आपल्याकडून येऊ शकतील ते आक्षेप आम्ही आधीच गृहीत धरले आहेत. नट हा नोकर नाही, स्वतंत्र व्यावसायिक आहे. त्याच्या बिलातून पगारदाराची करकपात होत नाही, व्यावसायिकाची होते. तेव्हा कामगार कायद्याचं बोलणं गैरलागू, हा पहिला. मुद्दा वजनदार आहे. फक्त या स्वतंत्र व्यावसायिकाला करार चालू असताना दुसरी मालिका घेता येत नाही, तारखा आपल्याला विचारून द्याव्या लागतात, आणि केस कापायचे तरी परवानगी लागते. दुसऱ्या अशिलाचं काम घेता येणार नाही, मिशी वाढवता येणार नाही आणि फी तीन महिन्यांनी मिळेल, अशा अटींवर इंदूरचा एखादा वकील उभा करून दाखवावा. दुसरा आक्षेप असा की नट गब्बर असतात, उद्घाटनाच्या फिती कापून बक्कळ मिळवतात. काही मिळवतातही. पण कपात वरून खाली उतरत जाते आणि फीत कापायचं आमंत्रण मात्र वरच्या दोघांनाच येतं.

तिसरा आक्षेप खरा आहे आणि त्याची थट्टा करून भागणार नाही. जाहिरातीचा पैसा मोबाइलकडे वळला आहे, निर्मात्याचं मार्जिन बारीक झालं आहे, आणि नटांनी ताणलं तर मालिकाच बंद पडतील. निर्माताही बहुधा उसनवारीवर चालतो, हे आम्ही मान्य करतो. म्हणूनच शेवटची जबाबदारी त्याच्या गळ्यात अडकवणं आम्हांला अन्यायाचं वाटतं. टाळेबंदीत निर्मात्या एकता कपूर यांनी आपला वर्षाचा अडीच कोटींचा पगार सोडला, त्याचं कौतुक झालं आणि ते योग्यच होतं. पण सोडायला त्यांच्याकडे पगार होता, ही गोष्टही नोंदवावी. मालिका बंद पडण्याचं भय मात्र थोडं तपासून पाहावं. नोव्हेंबर २००८ मध्ये मोबदल्याच्या वादातून मुंबईतलं चित्रीकरण थांबलं आणि हिंदी वाहिन्यांना बरेच दिवस जुनेच भाग दाखवावे लागले. उद्योग बुडाला नाही. सासवा-सुना पूर्ववत परतल्या. अमेरिकेत २००९ मध्ये ‘गायडिंग लाइट’सारखी, रेडिओपासून बहात्तर वर्षं चाललेली मालिका बंद पडली, तिथल्या नटांनीही कपात सोसली. पण संघटनेनं ठरवलेल्या किमान दराच्या खाली तिथल्या निर्मात्याला जाता येत नाही. मंदी तिथेही होती, फक्त तिला तळ होता.

आपल्या परंपरेतही नटाच्या वाट्याला दोनपैकी एक गोष्ट असे. नाटक कंपनीत तो पगारी असला तर महिन्याचा पगार आणि कंपनीच्या बिऱ्हाडात जेवणखाण. भागीदार असला तर नफ्यातोट्यात वाटा. १९१३ मध्ये किर्लोस्कर मंडळी सोडून बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली ती भागीदार म्हणून. पुढे कर्ज झालं तर ते मालकाचं कर्ज होतं. आपण मात्र नटाला पगाराची शाश्वती ठेवली नाही आणि नफ्यातला वाटाही दिला नाही. तोट्यातला वाटा तेवढा शिल्लक ठेवलात. पुनःप्रक्षेपणाचंच घ्या. टाळेबंदीत जुन्या मालिका पुन्हा दाखवून वेळ भरली गेली, जाहिराती आल्या, पण दिवसावर दर ठरलेल्या नटानं त्या दिवशी काम केलेलंच नसल्यामुळे त्याचं बिलही झालं नाही. तर्क बिनतोड आहे.

आता सरकारही आपल्या मदतीला आलं आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांत ‘दृक्श्राव्य कामगार’ असा वर्ग केला आहे, त्यात नटही येतो, मालिकाही येते. त्याच्याशी लेखी करार करावा आणि निर्मात्यानं तो नोंदवावा, असं संहिता सांगते. ठरावीक रकमेपेक्षा जास्त कमावणारे त्यातून वगळले जातात, ते ठीक आहे. १९८१च्या सिनेकामगार कायद्याचा रोख चित्रपटांवर होता, त्या मानानं ही मजल मोठी आहे. आपल्या दृष्टीनं आनंदाची बाब ही की करार नोंदवायचं काम निर्मात्याचं. या प्रकरणात वाहिनी हा शब्द शोधावा लागतो. मात्र निर्मात्याची कायद्यातली व्याख्या वाचताना आम्ही थबकलो. कार्यक्रमासाठी पैशांची उभारणी करणारा आणि माणसं कामावर घेणारा तो निर्माता, असा तिचा आशय आहे. छत्तीस लाखांची उभारणी तर आत्या, मामा, शेजारीण आणि पोलीस इन्स्पेक्टर मिळून करतात. तेव्हा श्रेयनामावलीत त्यांची नावं सहनिर्माते म्हणून यायला हवीत. यासाठी आपल्याला खर्च शून्य.

हे जड वाटत असेल तर दुसरा, कमी दिमाखाचा मार्ग पीथमपूरहून उचलता येईल. वाहिनी आणि निर्माता यांच्या करारात एक कलम घालावं: मागच्या महिन्याचं कलाकार-तंत्रज्ञांचं मानधन चुकतं झाल्याची पावती जोडल्याशिवाय पुढच्या भागांचं बिल मंजूर होणार नाही, आणि पावती आली नाही तर वाहिनी ते मानधन थेट देऊन निर्मात्याच्या बिलातून वळतं करील. आपल्या खिशातून जादा एक रुपया जात नाही, कारण ते पैसे आपण देणारच होता. फक्त ते कोणाच्या हाती आधी पडतील, हे बदलतं. आपल्या विधी विभागानं हे कलम लिहायला वेळ मागितला तर जरूर द्यावा, नव्वद दिवसांच्या आत.



आपला,
धारचा एक मराठी प्रेक्षक