छत्रीवाल्याचे भाग्य

क्रीडा प्रसारणात आता खरी स्पर्धा आली आहे, असे आपल्याला काही वर्षे सांगितले जात आहे. टीव्हीवाले आणि ओटीटीवाले प्रेक्षकापायी एकमेकांच्या उरावर बसले आहेत आणि या झटापटीत प्रेक्षक राजा झाला आहे म्हणे. राजाचे दर्शन घ्यायचे असेल तर मोताळ्याला यावे. भारताचा एकदिवसीय सामना चालू आहे असे समजा आणि भिंतीला भिंत लागून असलेली दोन घरे धरा. एका घरावर फुकट चॅनेलांची छत्री आहे. दीड-दोन हजारांत एकदा बसवली, त्यानंतर कोणाला छदाम दिलेला नाही. शेजारच्या घरात केबल आहे, आणि महिना भरला की वसुलीचा पोऱ्या दारात उभा असतो. दोन्ही घरांत सरकारी क्रीडा वाहिनी लावलेली आहे. छत्रीच्या घरात मॅच दिसते. केबलच्या घरात त्याच घराण्याच्या वाहिनीवर भलतेच काहीतरी दिसते. पैसे भरणाऱ्याला मॅच नाही आणि न भरणाऱ्याला आहे. हा बिघाड असता तर वायर हलवून पाहिली असती, केबलवाल्याला दोन शिव्या हासडल्या असत्या. पण हे सगळे कायद्याने चालले आहे.

कायदा चांगल्या हेतूने झाला, हीच पंचाईत आहे. १९९३ साली एका क्रिकेट स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून भांडण कोर्टात गेले आणि १९९५ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वायुलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तिच्यावर ना सरकारची मक्तेदारी ना आणखी कोणाची. पुढे खासगी वाहिन्यांनी क्रिकेट उचलून नेले, तेव्हा २००७ साली संसदेने कायदा केला. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्याचे थेट चित्रण ज्याच्याकडे असेल त्याने ते आपल्या जाहिराती वगळून सरकारी प्रसारकालाही द्यायचे. त्यावर जे जाहिरातीचे उत्पन्न येईल त्यातले ७५ टक्के हक्कदाराला, २५ टक्के सरकारी प्रसारकाला. मग तक्रार आली. सरकारी वाहिन्या केबलवर दाखवणे सक्तीचे, त्याच वाटेने आमचे चित्रण घरोघर जाऊ लागले तर आमची वाहिनी विकत कोण घेणार? तक्रारीत तथ्य होते. २०१७ च्या ऑगस्टमध्ये निकाल लागला की हे चित्रण सरकारी प्रसारकाने स्वतःच्या मनोऱ्यांवरून आणि स्वतःच्या छत्रीवर दाखवावे, खासगी केबलवरून नाही. कायद्याच्या अक्षराप्रमाणे निकालात खोट काढता येत नाही. मनोऱ्यांचे म्हणाल तर जुन्या पद्धतीचे बहुतेक मनोरे २०२२ पर्यंत बंद करून टाकले. राहिली छत्री. तेव्हा १४० कोटींच्या देशातला राष्ट्रीय महत्त्वाचा सामना एका विशिष्ट आकाराच्या पत्र्यापुरताच राष्ट्रीय महत्त्वाचा उरला आहे.

मॅचच्या वेळी केबलच्या घरात नेमके काय लागते, याचा अभ्यास कोणी केलेला दिसत नाही, व्हायला हवा. पडदा काळा ठेवता येत नाही, म्हणून काहीतरी लागतेच. उदाहरणादाखल आपण गुलाबी बोंडअळीचे व्यवस्थापन धरू. कपाशीच्या तालुक्याला ते शोभूनही दिसेल. भिंतीपलीकडे सलामीची जोडी जमली आहे, चौकारामागून चौकाराचा गलका ऐकू येतो आहे, आणि इकडे पैसे भरलेले गृहस्थ कामगंध सापळे एकरी किती लावावेत ते ऐकत आहेत. दुसऱ्या पॉवरप्लेत निंबोळी अर्क. शेवटच्या दहा षटकांत फरदड का घेऊ नये, याचा सविस्तर ऊहापोह. २०१७ पासूनचे सामने मोजले तर केबलचे पैसे भरणारा वर्ग बोंडअळीच्या बाबतीत जिल्ह्यातला सर्वांत सुशिक्षित वर्ग व्हायला हवा होता, आणि छत्रीवाले अळीबाबत ठार अडाणी पण स्ट्राइक रेटमध्ये पारंगत. उद्या सोयरीक जमवताना मुलाला शेती किती, हे विचारून झाल्यावर छपरावर काय आहे तेही बघितले जाईल. केबलच्या घरातले पोरगे वाटीभर साखर मागायला शेजारी जाईल आणि दुसरा डाव संपेपर्यंत परतणार नाही. परतल्यावर वाटीत साखर नसेल, पण निकाल असेल. शेवटी गृहस्थ वैतागून स्वतःही छत्री बसवतील. केबल मात्र तोडता येणार नाही, कारण घरातल्यांच्या मालिका तिकडे आहेत. मग टीव्हीखाली दोन डबे, टेबलावर दोन रिमोट, आणि एकाचे सेल काढून दुसऱ्यात घालण्याचा कार्यक्रम रोज रात्री. सध्या ग्राहकाचे स्वातंत्र्य म्हणतात ते हेच.

स्पर्धेने भाव उतरतो हे आपल्याला तोंडपाठ आहे, पण स्पर्धा कोणाकोणात चालली आहे हे बघायचे राहून जाते. मोताळा-मलकापूरच्या कापूसवाल्याला हे शिकवावे लागत नाही. यार्डात गाडी उभी राहिली आणि एकाऐवजी पाच व्यापारी बोलीला आले तर भाव चढतो, आणि चढलेला भाव शेवटी कापड घेणाऱ्याकडून वसूल होतो. प्रसारण हक्कांच्या लिलावात टीव्हीवाले आणि ओटीटीवाले बोली लावणारे व्यापारी आहेत, गाडी संयोजकांची आहे आणि प्रेक्षक आहे कापड घेणारा. त्यातही कापडाला दुसरे दुकान असते, सामन्याला नसते. जो बोली जिंकला त्याच्याच उंबऱ्यावर जावे लागते. बोलीदार कितीही वाढले तरी प्रेक्षकाला विकणारा प्रत्येक पडद्यावर एकच राहतो, त्यामुळे निवड जिथल्या तिथे राहते आणि बिल तेवढे वाढते. जून २०२२ मध्ये उन्हाळी क्रिकेट लीगचे पाच वर्षांचे हक्क विकले गेले, टीव्हीचे वेगळे आणि मोबाईलचे वेगळे. सगळे मिळून ४८,३९० कोटी. करारात धरलेले सामने ४१०, म्हणजे सामन्याला ११८ कोटी. डावाचे १२० याप्रमाणे २४० चेंडूंनी भागा: चेंडूला ४९ लाख. फलंदाजाने सोडून दिला तरी ४९ लाख. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कपाशीचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. एका चेंडूत सहाशे क्विंटल कापूस बसतो, एका षटकात छत्तीसशे. आणि हा हमीभाव हातात पडतो तरी कुठे? कापसात ओलावा बारा टक्क्यांवर गेला की गाडी परत, आठावर गेला की भावात कपात, आणि ओलावा मोजायचे यंत्र घेणाऱ्याच्या हातात. रात्रभर थंडीत ट्रॅक्टरवर बसून राहिलेल्या माणसाला सकाळी सांगायचे की तुझा कापूस ओला आहे. मैदानावर दव पडले तर मात्र चेंडूचा भाव एका पैशाने कमी होत नाही, उलट त्यावर तासभर चर्चा होते आणि तिलाही प्रायोजक मिळतो.

हे ४९ लाख जाहिरातवाले फेडतात, प्रेक्षकाच्या पोटात का दुखावे, असे विचारले जाते. जाहिरातवाला ते स्वतःच्या शेतातून आणत नाही. साबणात, बिस्किटात, मोबाईलच्या रिचार्जमध्ये लावतो. ज्या म्हातारीने जन्मात एक चेंडू पाहिला नाही तीही या लीगची वर्गणीदार आहे. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: मोबाईलवर तर सगळे फुकट होते ना? होते. २०२३ आणि २०२४ चे दोन उन्हाळे फुकट गेले. पुढच्या उन्हाळ्यात हे फुकट मोठ्या रिचार्जबरोबर मिळू लागले. बोली लावून दमलेली दुकाने मधल्या काळात एक होतात, आणि एकच दुकान उरले की फुकटाचे दिवस भरतात, हे सांगायला अर्थशास्त्री लागत नाही. शिवाय मोबाईलवरचे चित्र छत्रीच्या बरेच मागून येते. शेजाऱ्याने ‘आउट!’ म्हणून आरोळी ठोकलेली असते आणि आपल्या मोबाईलमध्ये गोलंदाज अजून रनअपच्या टोकाला चेंडू पुसत असतो. दिवसाचा दीड जीबी शेवटच्या षटकापर्यंत टिकला तर टिकला. आणि २००७ साली लिहिलेल्या कायद्यात केबल आहे, डीटीएच आहे, रेडिओसुद्धा आहे, मोबाईल नाही. तेव्हा तो फोन करायच्या कामाचा होता.

मोठ्या बोलीतून खेळाचे भले होते, हा तिसरा आक्षेप. काही भले नक्की होते. क्रिकेटपटूंचे मानधन वाढले, महिलांच्या लीगला पैसा आला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण हा पैसा पाण्यासारखा उताराकडे जातो अशी समजूत असेल तर ती फुटबॉलवाल्यांना सांगून पाहावी. देशातल्या सर्वांत वरच्या फुटबॉल लीगच्या व्यापारी हक्कांची निविदा २०२५ च्या शरदात निघाली आणि नोव्हेंबरमध्ये मुदत संपली तेव्हा एकही बोली आलेली नव्हती. इकडे एका चेंडूवर ४९ लाख आणि तिकडे अख्ख्या लीगला गिऱ्हाईक मिळाले नाही. कोल्हापुरात पेठापेठांच्या संघांसाठी लोक मैदान भरून टाकतात, सामन्यानंतर गल्लीत आठ दिवस बोलत नाहीत. तिथले प्रेम खरे आहे, पण प्रेमाला टीआरपी लागतो. मोताळ्यातल्या कबड्डीच्या पोराचे तर नावच काढू नका. त्याच्यासाठी बोली लागत नाही, वर्गणी काढावी लागते.

मग जगात हे कोणी नीट केले आहे का? ऑस्ट्रेलियाने प्रयत्न केला. तिथले फुटबॉल आपल्याला ठाऊक असलेले नाही, लंबगोल चेंडूचे आणि स्वतःच्या नियमांचे. पण वेड तेच. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये त्यांच्या लीगचे २०२५ ते २०३१ अशा सात वर्षांचे हक्क ४५० कोटी डॉलरला गेले, त्यांच्या डॉलरला. आपले तेव्हाच्या दराने साधारण २५ हजार कोटी. देशाची वस्ती पावणेतीन कोटी, महाराष्ट्राच्या पावपटही नाही. तिथे १९९२ च्या प्रसारण कायद्याखाली सामन्यांची एक यादी आहे. यादीतला सामना फुकट वाहिन्यांना मिळण्याआधी पैसे घेणाऱ्या वाहिनीला पळवता येत नाही. ओटीटीवाले या कुंपणाबाहेर होते, २०२४ मध्ये त्यांनाही आत घेतले. आपल्याकडे नाही ते त्यांनी केले, एवढे श्रेय द्यावे लागेल. तरीही २०२५ पासून हंगामाच्या पहिल्या काही फेऱ्यांतले शनिवारचे सामने फुटबॉलवेड्या मेलबर्नमध्ये पैसे टाकल्याशिवाय दिसत नाहीत. आणि यादीचे संरक्षण आहे ते फक्त अँटेनावरच्या प्रक्षेपणाला. फुकट वाहिनीने तोच सामना आपल्या अॅपवर दाखवलाच पाहिजे, असे त्यात नाही. घरावर अँटेना नाही, फक्त इंटरनेट आहे, अशा घराला कायदा ओळखत नाही. आमच्याकडे छत्री नसलेला पोरका, त्यांच्याकडे अँटेना नसलेला. दोन्हीकडे कायदा लिहिणाऱ्यांनी प्रेक्षकाचा हक्क माणसाला न देता छपरावरच्या सामानाला दिला आहे.

करायचे काय, तर सामना राष्ट्रीय महत्त्वाचा ठरवला असेल तर तो छत्री, केबल आणि मोबाईल तिन्हींवर तसाच असावा. राष्ट्रीय महत्त्वात न बसणारी उन्हाळी लीग ज्याला परवडेल त्याने विकत घेऊन बघावी, त्याबद्दल तक्रार नाही. हक्कदाराचे नुकसान होईल, हा २०१७ चा मुद्दा पुन्हा येईल. होईल. पण सरकारी चित्रणावरच्या जाहिरातीतले ७५ टक्के आजही त्याचेच आहेत. घरे वाढली की ती रक्कमही वाढेल. वर्गणीत खोट येईल ती पुढच्या लिलावात दिसेल, आणि भारताच्या सामन्यांचा भाव थोडा उतरेल. एखादा चेंडू काही क्विंटल कापसाने स्वस्त झाला म्हणून देशाचे क्रिकेट उपाशी मरणार नाही. एवढी दुरुस्ती होईपर्यंत निदान केबलच्या पावतीवर एक ओळ छापावी: ‘भारताचा सामना असेल त्या दिवशी ग्राहकांनी कृपया शेजारी जावे.’ शेजाऱ्याच्या चहाचे दर मग ठरवून द्यावेत, जीएसटी धरून.