मोजणी आली!

जळगाव जिल्ह्यात जंगलाचे फोटो काढतो म्हटलं, की समोरचा विचारतो, "केळीचे का?" त्याचंही चुकत नाही. सावदा-रावेरकडे निघालं की दोन्ही अंगांना केळीच केळी. ती संपून सातपुडा चढू लागलं की पाल येतं आणि यावल अभयारण्य. 1969 साली जाहीर झालेलं, सुमारे 177 चौरस किलोमीटरचं. एवढं सांगितल्यावर दुसरा प्रश्न ठरलेला: "वाघ दिसला का?" नाही म्हटलं की विचारणाऱ्याचा माझ्यातला रस तिथेच आटतो. तिसरा प्रश्न धुळ्याच्या मामींचा. त्यांनी माझे सागाचे फोटो मोबाइलवर एकेक करून सरकवले, चष्मा पुसला, पुन्हा सरकवले आणि विचारलं, "बापा, येन्हामा मानूस कोठे शे?"

माणूस असतोच हो मामी. तो दिसू नये म्हणून फोटोग्राफर मंडळी जिवाचं रान करतात, इतकंच. आपलं जंगल हे दफ्तरात नीट लावून ठेवलेलं जंगल. त्याचे कंपार्टमेंट पाडलेले, प्रत्येकाला नंबर, वणवा पसरू नये म्हणून जाळरेषा, पाणी मुरावं म्हणून उतारावर सलग समतल चर. रोपवनातला साग तर दोरी धरून लावलेला. तिरकं उभं राहिलात तर निबिड अरण्य. दोन पावलं डावीकडे सरकलात की सगळी झाडं शाळेच्या प्रार्थनेला उभी. बहुतेक जण ती दोन पावलं सरकत नाहीत. मी मुद्दाम सरकतो. खोडावर रंगाने टाकलेला आकडा, विरळणीनंतर उरलेले खुंट, 'प्रजाती, क्षेत्र, रोपांची संख्या' सांगणारा फलक, हे सगळं मला फोटोत हवं असतं. एका रोपवनात फलकच असा काही डेरेदार निघाला, की त्याच्या सावलीत बसून मी डबा खाल्ला. दुसरी सावली नव्हतीच.

सावलीचं म्हणाल, तर खानदेशात पारा पंचेचाळीसकडे निघाला की साग आणि सालई अंगावरचं उतरवून मोकळे होतात. पळस फुलतो तेवढे दिवस जो तो कलावंत; पुढे जूनपर्यंत सगळं भुरकट. चाळीसगावच्या केकी मूस यांचा मला यासाठी हेवा वाटतो. नावाजलेला फोटोग्राफर, पण आयुष्याची कित्येक दशकं त्यांनी घराबाहेर जवळजवळ पाऊलच टाकलं नाही. घरातल्या साध्यासुध्या वस्तू मांडून टेबलावरच देखावे उभे केले आणि ते टिपले. ना ऊन, ना गोचीड, ना "परवानगी आहे का?"

साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याचं तंत्रच निराळं. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने गावाने नव्वदच्या दशकापासून कुऱ्हाडबंदी पाळून साडेचारशे हेक्टरांच्या आसपास जंगल राखलं. पवारांना 2025 साली पद्मश्री जाहीर झाली. तिथे रानभाज्यांची पाककला स्पर्धा भरते. त्यामुळे मी उजेडाकडे पाहत असतो आणि सोबतचा माणूस पायाशी वाकून एखादं पान खुडतो, चोळून नाकाशी धरतो आणि ते कशात शिजवायचं ते सांगू लागतो. डोंगररांग टिपायला जावं आणि पाककृती घेऊन घरी यावं. घरच्यांना माझा हा एकच दौरा सार्थकी लागल्यासारखा वाटतो.

खरी गंमत ट्रायपॉडची. पालच्या पुढे एका पाड्याजवळ मी तो उभा केला, पाय समतल केले, एक डोळा मिटला, तोच कुणीतरी पोरगं ओरडलं, "मोजणी आली!" कसत असलेल्या वनजमिनीवर हक्क देणारा वनहक्क कायदा 2006 चा. तेव्हापासून दावे, जीपीएसची मोजणी, फेरमोजणी, अपील हे सगळं ज्यांच्या डोक्यावरून गेलं, त्यांना तीन पायांवरचं यंत्र म्हणजे दुसरं काय वाटणार? दहा मिनिटांत माझ्याभोवती माणसं, आणि प्रत्येकाच्या काखेत कागदांची प्लास्टिकची पिशवी.

"साहेब, माझं राहिलंय," एक आजोबा म्हणाले.

"बाबा, मी फोटोवाला आहे."

"मग फोटो घ्या. कागदांत तोही चालेल." मला काही सुचायच्या आत ते बांधाने झपाझपा चालत गेले, हद्दीवरच्या मोहाला पाठ लावून ताठ उभे राहिले आणि एक हात लांब करून जमीन कुठवर आहे ते दाखवलं. मी फोटो काढला. मामींना माणूस मिळाला.

आजोबांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो बारकाईने पाहिला. "याच्यावर तारीख येते का?"

"येते ना. आजची."

"आजची काय कामाची? 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासूनचा पुरावा पाहिजे म्हणतात." त्यांनी मोहाकडे बोट केलं. "हे झाड माझ्या बापाच्या वेळचं. झाड जुनं, तर फोटो नवा कसा?"