कोण बसलंय?

अण्णांना भेटायला गेलं की ते आधी तुमच्याकडे बघत नाहीत, स्क्रीनकडे बघतात. तुम्ही समोर उभे असता, पुण्याहून त्यांच्यासाठी आणलेला बाकरवडीचा पुडा हातात असतो, आणि अण्णा एक बोट वर करून म्हणतात, "थांब, डब्ल्यू मारतो." काळ्या पडद्यावर दहा-बारा ओळी उमटतात. अण्णा चष्मा कपाळावर चढवून त्या वाचतात आणि मगच तुमची दखल घेतात. "तू इथे उभा, आणि तुझं लॉगइन अजून आत बसलंय. तीन दिवस आयडल! घरातला गॅस बंद करून गेला होतास ना? मग लॉगआउट करायला काय झालं?" पुडा तोवर त्यांच्या खणात गेलेला असतो.

अण्णा बंगळुरातल्या एका संशोधन संस्थेत सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर आहेत. मूळचे मिरजेचे. इथे येऊन जन्म गेला, तरी कन्नड मिरज-बेळगाव वळणाचंच राहिलं. रिक्षावाला ते ऐकून हमखास विचारतो, "हुब्बळ्ळी कडेयवरा, सार्?" आणि अण्णा मिरजेचा भूगोल समजावत बसतात, तोवर मीटर पळत असतो. शनिवारी ते टी-शर्ट घालून येतात. तो २००० नंतरच्या एका 'लिनक्स बेंगलोर' परिषदेत मिळालेला. त्या परिषदेचं पुढे २००५ मध्ये 'फॉस डॉट इन' झालं, तीही नंतर थांबली. टी-शर्टवरचं पेंग्विन मात्र अजून डोळ्यांपुरतं शिल्लक आहे. एका लिनक्स यंत्रावर जिथे जिथे चाळीस माणसं काम करतात, तिथे तिथे असा एक अण्णा असतो. तो तमिळ असेल, बंगाली असेल, पण खिशात पेनड्राइव्ह आणि तोंडात "कोण बसलंय?" हे ठरलेलं.

त्यांचा हा प्रश्न जुन्या घराण्यातला आहे. 'हू' ही आज्ञा १९७१ च्या पहिल्यावहिल्या युनिक्स मॅन्युअलात आहे. "अरे, चार माणसं जमली की आपण पहिलं काय विचारतो? कोण कोण आलंय! तेच त्यांनी लिहिलं," असं अण्णा नव्या पोरांना सांगतात. पण 'हू'वर त्यांचं समाधान होत नाही. 'हू' प्रत्येक टर्मिनलची वेगळी ओळ दाखवतं, त्यामुळे सहा खिडक्या उघडून बसलेला एकच मुलगा सहा वेळा हजर असतो. "चौदा जण दिसतायत, माणसं तीन," अण्णा सुस्कारा सोडतात. त्यांचा खरा जीव 'डब्ल्यू'च्या आयडल या रकान्यावर. कोणी किती वेळ कीबोर्डला हात लावलेला नाही, ते तिथे कळतं. हा रकाना अण्णा पंचांग उघडल्याच्या गांभीर्याने वाचतात. पाच मिनिटं आयडल: चहा. पंचवीस मिनिटं: कॅन्टीनला डोसा गरम निघतोय. दीड तास: गाइडने बोलावून घेतलंय. दोन दिवस: लग्न, बहुधा बहिणीचं. आणि या सगळ्यावर त्यांचं पेटंट वाक्य: "हजर आहे म्हणजे बसलाय असं नाही, आणि बसलाय म्हणजे काम करतोय असंही नाही."

नांदेडचा एक पीएचडीचा मुलगा रोज पहाटेपर्यंत प्रबंधाची फाइल उघडून बसायचा. एकदा त्याचा आयडल दीड दिवसावर गेला आणि लग्नाचा सीझन नव्हता. अण्णा हॉस्टेलवर गेले. पोरगं तापाने फणफणून पडलं होतं. अण्णांनी त्याला डॉक्टरकडे नेलं, घरून मऊ भात आणि मेतकूट पोचवलं, आणि लॅबमध्ये येऊन सांगितलं काय, तर "त्याचा जॉब अडकला होता, मारायची परवानगी घ्यायला गेलो होतो." जॉब त्यांनी मारलाही. त्याला ताप असतानाच.

पावसाळी दुपारी वीज गेली, यूपीएस कण्हायला लागला, की अण्णा 'फिंगर'ची कथा लावतात. स्टॅनफर्डच्या एआय लॅबमध्ये लेस अर्नेस्ट नावाचे गृहस्थ होते. त्यांनी पाहिलं, की कोण बसलंय ते शोधायला लोक यादीवरून बोट फिरवत खाली जातात, कारण यादीत पूर्ण नावंच नसत. म्हणून १९७१ च्या सुमारास त्यांनी प्रोग्राम लिहिला, त्यात माणसाचं खरं नाव आलं, तो किती वेळ थंड आहे ते आलं, आणि प्रोग्रामचं नाव ठेवलं 'फिंगर'. शिवाय प्रत्येकाने 'डॉट प्लॅन' नावाची फाइल ठेवायची, आपण कुठे आहोत, काय करतोय ते त्यात लिहायचं; ते वाचायला कोणालाही मुभा. नोव्हेंबर १९८८ मध्ये कॉर्नेलच्या रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला किडा या फिंगरच्याच खिडकीतूनही आत घुसला आणि इंटरनेटवरची हजारो यंत्रं आडवी झाली. पुढे हळूहळू सगळ्यांनी ती खिडकी बंद करून घेतली. इथे अण्णांचा आवाज उतरतो. "एका पोरामुळे. एका पोरामुळे कोणी कोणाला 'कुठे आहेस' विचारेनासं झालं." त्यांच्या स्वतःच्या डॉट प्लॅनमध्ये अजून एक ओळ आहे: 'कॅन्टीन. नसेन तर सर्व्हर रूम. तिथेही नसेन तर फोन करू नये.'

'वॉल' ही आज्ञा मात्र त्यांच्या हातात द्यायला नको होती. ती मारली की जितके लॉगइन असतील तितक्यांच्या पडद्यावर निरोप उमटतो. कोणी व्हिममध्ये समीकरण लिहीत असेल तर थेट त्या समीकरणाच्या मधोमध. 'शुक्रवारी सहाला मशिन बंद होणार' इथपर्यंत ठीक. पण 'निळी छत्री कोणाची' हेही तसंच येतं. पोरांनी 'मेस्ज एन' शिकून घेतलं. त्याने इतरांचे निरोप थांबतात, रूटचे थांबत नाहीत, आणि रूट म्हणजे अण्णा. छत्री त्यांचीच निघाली.

एकदा यंत्र धापा टाकत होतं आणि 'हू'मध्ये एकटे अण्णा. अण्णा रंगात आले. कोणीतरी टर्मिनल न मागता एसएसएचने नुसती आज्ञा पाठवून दिली होती. तशी पाठवली की 'हू' ज्या वहीतून वाचतं तिच्यात नोंद पडत नाही. अण्णांनी 'टॉप' लावलं, पहिल्याच ओळीत नाव. मंगळुरूची पहिल्या वर्षाची मुलगी. तिला बोलावून घेतलं तेव्हा ती रडवेली. अण्णा म्हणाले, "माणूस लपतो गं, प्रोसेस लपत नाही," आणि तिला कॅन्टीनला बाय-टू कॉफी प्यायला घेऊन गेले. आता अण्णा रजेवर असले की यंत्राच्या चाव्या तिच्याकडे असतात.

बाय-टूचा दुसरा ग्लास पुढ्यात आला की सिम्प्युटर निघतो. या शहरात राहून अण्णांना ज्याचा अभिमान वाटतो अशा गोष्टींत दोसा दुसरा आणि सिम्प्युटर पहिला. भारतीय विज्ञान संस्थेतले विजय चंद्रू, स्वामी मनोहर, रमेश हरिहरन आणि व्ही. विनय, त्यांच्याबरोबर एन्कोर सॉफ्टवेअरची मंडळी. १९९९ मध्ये ट्रस्ट स्थापन झाला, लिनक्सवर चालणारं, हातात मावणारं यंत्र तयार झालं, आणि २००४ मध्ये ते बाजारात आलं. एका माणसाला परवडणार नाही म्हणून गावाने मिळून एक घ्यावं, प्रत्येकाने आपलं स्मार्ट कार्ड ठेवावं. कार्ड सारलं की यंत्र तुमचं, काढलं की पुढच्याचं. "काय डोकं होतं बघ! कोण बसलंय हे विचारायलाच नको. ज्याचं कार्ड आत, तो बसलाय." ते अपेक्षेइतकं खपलं नाही आणि पुढे प्रत्येकाच्या खिशात स्वतःचा मोबाइल आला, हे अण्णांना माहीत आहे. पण त्याला ते कॉफी संपेपर्यंत क्षमा करत नाहीत.

मल्लेश्वरमला त्यांच्या अपार्टमेंटमध्येही हीच ड्यूटी चालू. कोण घरी आहे, हे अण्णा लिफ्ट सोडून जिन्याने चढत दारांबाहेरच्या चपलांवरून ठरवतात. "दुसऱ्या मजल्यावर पाहुणे आलेत, कोल्हापुरी दिसली." गेटवर आता ॲप आलंय, पण वॉचमनकडे जुनं रजिस्टर आहे ते अण्णांच्या आग्रहामुळे, आणि ते वाचणारेही तेच एकटे. वहिनी म्हणतात, "यांना बिल्डिंगमधल्या सगळ्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा पाठ. माझा वाढदिवस कधी ते विचारा."

घरात अजून एकच कॉम्प्युटर आहे. अर्थातच लिनक्स. प्रत्येकाला वेगळा लॅपटॉप घ्यायला अण्णांचा विरोध पैशासाठी नाही, तत्त्वासाठी आहे असं ते सांगतात. त्यावर चार अकाउंट: अण्णा, वहिनी, मुलगा आणि आजी. कंट्रोल-आल्ट दाबून एफच्या चाव्या बदलल्या की एकाचा पडदा जातो, दुसऱ्याचा येतो. पहिला बाहेर पडत नाही, मागे जाऊन बसतो. आणि इथेच अण्णांच्या ज्ञानाची कसोटी लागते. 'हू' सांगतं चौघंही आहेत. खरा कोण? मग 'लॉगइनसीटीएल'. जो पडद्यासमोर बसलाय त्याच्यापुढे 'ॲक्टिव्ह', जे मागे आहेत त्यांच्यापुढे 'ऑनलाइन'. आणखी एक 'क्लोजिंग' म्हणून प्रकार आहे, म्हणजे माणूस लॉगआउट झाला पण त्याचं काहीतरी अजून चालूच आहे. निघतो म्हणून उठलेला पाहुणा दारात चपला घालून अर्धा तास बोलत उभा राहतो, तसा. वहिनी सोसायटीचे हिशेब करायला बसतात, पंखा घरघरायला लागतो, एक्सेल असतं तसलं ते लिब्रेऑफिस गोठतं, आणि आतून अण्णांची आरोळी येते, "कोण बसलंय?"

"मीच बसलेय!"

"तू ॲक्टिव्ह आहेस. ऑनलाइन कोण आहे? आठच्या आठ कोअर कोण खातंय?"

मुलगा दोन खोल्या पलीकडे मोबाइल बघत पडलेला असतो. त्याचा कुठलासा व्हिडिओ मागे रेंडर होत असतो. "बाबा, मी तर बसलोच नाहीये," तो म्हणतो, आणि तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर असतं. वडिलांचंच वाक्य वडिलांवर उलटवण्याइतका तो तयार झालाय.

मध्यंतरी अण्णांवर दुःखाचा प्रसंग आला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये डेबियन १३ आलं. अण्णांनी उत्साहाने घरचं यंत्र अपग्रेड केलं, 'लास्ट' मारलं, आणि उत्तर आलं: अशी आज्ञा नाही. कोण कधी बसलं, कधी उठलं, हे सांगणारी 'लास्ट'! तिच्या जुन्या वहीत वेळेचा आकडा लिहायला जागाच इतकी अपुरी ठेवलेली, की १९ जानेवारी २०३८ ला ती भरणार; म्हणून वहीसकट तिला निवृत्त केलं. अण्णा त्या दिवशी नीट जेवले नाहीत. "अरे, अजून बारा वर्षं होती तिला," एवढंच म्हणत होते. शेवटी मुलाने 'डब्ल्यूटीएमपीडीबी' नावाची नवी वही बसवून दिली, 'लास्ट' पुन्हा बोलायला लागली, अण्णा पुन्हा जेवायला लागले.

त्यानंतर आजी महिनाभर मिरजेला गेल्या. आजींचा कॉम्प्युटरशी संबंध पत्त्यांच्या डावापुरता. एकटीने लावायचा तो डाव. किती खेळले, किती जिंकले, शेकडा किती, सगळं तो खेळ लिहून ठेवतो, आणि ती टक्केवारी आजी फोनवर बहिणीला सांगतात. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने परत आल्या, आंघोळ केली, चहा घेतला, यंत्रासमोर बसल्या, आणि मिरजेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "माझ्या नावावर हरलंय कोण?"

जिंकण्याची टक्केवारी पार घसरली होती. मुलाने वडिलांच्या देखत 'लास्ट' मारलं. आजी मिरजेत असताना आजींच्या नावावर जवळजवळ रोज रात्री बैठक. दीड ते तीन, पावणेदोन ते सव्वातीन. स्वतःच्या अकाउंटवर बसलं तर मुलगा नोंद बघेल, एवढा दूरचा विचार करणारा घरात एकच माणूस होता, आणि आजींचा पासवर्डही त्यानेच ठरवून दिलेला.

अण्णा चष्मा कपाळावर चढवून यादी वाचत राहिले. "यात आयडल दिसत नाही," ते म्हणाले. "नुसतं लॉगइन दिसतंय. हजर आहे म्हणजे खेळत होता असं नाही."

"अण्णा," आजी म्हणाल्या, "हरलास ते हरलास. निदान स्वतःच्या नावावर तरी हरायचंस."