ड्रायर की चटणी: लेस्टरहून जळकोटला

ती. स्व. आई व अण्णा यांस,

परदेशी न्यायचा ड्रायर तीन बाबतींत तपासावा लागतो: पिनेचा आकार, व्होल्टेज आणि वॅट. रविवारच्या फोनवर आईने पहिलीच बाब काढली, "तिकडच्या बोर्डात आपली पिन बसते का गं?", आणि उरलेला फोन मधल्या काकूंच्या जावयावर खर्ची पडला. त्यामुळे बाकीचे भाकरी थापता थापता लेखी कळवण्यात येत आहे. उदगीरहून आणलेला ड्रायर लेस्टरला यायच्या बॅगेत भरला असल्यास तूर्त बाहेर काढून ठेवावा.

आधी पिन. जळकोटच्या बोर्डावरची तीन गोल भोके मुळात इंग्रजांचीच. १९४७ मध्ये त्यांनी स्वतःसाठी तीन जाड चपट्या पिनांचे नवे मानक काढले आणि जुने हळूहळू मोडीत घातले. भारताने जुनेच चालू ठेवले. इंग्रज गेले, पिन राहिली. जळकोटातल्या प्रत्येक अडचणीचे खापर अण्णा निजामावर फोडतात. जळकोट सप्टेंबर १९४८ पर्यंत त्याच्याच राज्यात होते हे खरे, पण या व्यवहारात निजामाचा हात नव्हता.

मल्टीपिन, म्हणजे इकडचे ॲडाप्टर, फक्त आकाराची सोय करते. वीज जशी येते तशीच आत जाते. इंग्रजी बोर्डात वरची अर्थिंगची पिन लांब असते. ती आत शिरली की खालच्या दोन भोकांवरचे पडदे सरकतात. वरच्या भोकात पेन खुपसून टू-पिन दाबून बसवायची भाऊजींची युक्ती त्यामुळे इथेही चालते आणि इथेही तितकीच धोक्याची आहे. नातीसमोर ती करून दाखवू नये.

दुसरी बाब व्होल्टेज. भारतात २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ, इंग्लंडात तेच, जर्मनी-फ्रान्सकडेही तेच. अमेरिकेत १२० व्होल्ट, जपानात १००. तापणाऱ्या तारेची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाने बदलते. जळकोटचा १००० वॅटचा ड्रायर अमेरिकेत नुसती मल्टीपिन लावून चालवला, तर जेमतेम २७० वॅटची फुंकर मारील. उलट तिकडचा ड्रायर इकडे लावला, तर तो जवळजवळ चौपट वीज ओढू पाहतो. मावशीने न्यू जर्सीहून हौसेने आणलेला ड्रायर अक्काच्या हळदीच्या दिवशी का पेटला, याचा खुलासा एवढाच आहे. त्या दिवशी लाइन गेली म्हणून सगळ्यांनी डीपीला, म्हणजे ट्रान्सफॉर्मरला, शिव्या दिल्या. डीपी निर्दोष होती.

यावर उपाय व्होल्टेज बदलणाऱ्या कन्व्हर्टरचा. त्यातला जड प्रकार म्हणजे शेतातल्या डीपीचेच लहान भावंड. ड्रायरला पुरेल एवढा घ्यायचा तर बॅगेचे कित्येक किलो त्यातच जातात, त्यापेक्षा तिकडे नवा ड्रायर परवडतो. मोबाइलच्या चार्जरला ही कटकट नाही. त्याच्यावर बारीक अक्षरांत "१००–२४०" लिहिलेले असते, त्याला कुठेही मल्टीपिन पुरते. अण्णांनी चष्मा लावून ड्रायरवरही तेच शोधावे. नुसते "२३०" दिसले तर तो अमेरिकेला निरुपयोगी, लेस्टरला चालण्यासारखा. (आपल्या शेतातली डीपी बदलून मिळाली, हे कळून बरे वाटले. सोयाबीन एवढ्यात विकू नये, असे इकडच्या जावईबापूंचे मत. जावईबापूंनी सोयाबीन फक्त वडीच्या रूपात पाहिलेले आहे.)

तिसरी बाब वॅट. २००० वॅटला २३० ने भागले की ८.७ अँपिअर येतात. बाजारातली साधी मल्टीपिन बहुधा ६ अँपिअरची असते. तिच्यातून एवढा प्रवाह गेला की प्लॅस्टिक आधी मऊ होते, मग वास सुटतो. इंग्रजी पिनेच्या पोटात स्वतंत्र फ्यूज असतो, ड्रायरसाठी १३ अँपिअरचा. तो उडाला तर नवा घालतात. किटकॅट फ्यूजमध्ये जाड तार गुंडाळून काम भागवायची तात्यांची विद्या इथे कोणी मागत नाही.

आता इथला नियम. न्हाणीघरात ड्रायरला बोर्ड नाही. टबापासून कित्येक फूट अंतर सोडल्याशिवाय साधा सॉकेट बसवता येत नाही आणि सगळी न्हाणी त्या अंतरातच संपते. मिळते ती दाढीच्या यंत्रापुरती दोन भोके. दिव्याचे बटनही ओल्या हाताच्या आवाक्यात नको, म्हणून छतातून दोरी सोडलेली असते. आत्याबाई आल्या होत्या तेव्हा त्यांनी आत शिरताना ती दोन वेळा ओढून हात जोडले होते. केस वाळवायचे तर डोक्याला पंचा गुंडाळून जिना उतरायचा आणि बैठकीत आरशाविना उभे राहायचे.

विजेचा दर ऐकायला अण्णांनी खाली बसावे. २०२५ मध्ये इथे युनिटला २५ ते २७ पेन्स पडले. दहा मिनिटे केस वाळवले की सुमारे दहा रुपये वाऱ्यावर. त्याहून मोठा घाव स्थिर आकाराचा: एक दिवाही न लावता रोज ५० पेन्सच्या वर, म्हणजे ६० रुपयांच्या घरात. अण्णा तिकडच्या बिलावरच्या स्थिर आकाराला लाल शाईने गोल करतात. इकडचे बिल त्यांना दाखवण्यात येणार नाही.

एवढे करून ड्रायर लागतोच. डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि न्हायलेले केस संध्याकाळपर्यंत गार राहतात. जळकोटला माळवदावर उन्हाकडे पाठ करून बसायचे, आईने पंच्याने केस झटकायचे, गुंता निघाला नाही की टपली मारायची, मग शेगडीतल्या निखाऱ्यावर ऊद टाकून धुरी द्यायची. या कामाला किती वॅट लागत होते ते कधी मोजले गेले नाही. नातीला ड्रायरचा आवाज आवडत नाही. आजी कधी येणार, असे ती ड्रायर लावला की विचारते.



तात्पर्य, लेस्टरला येताना ड्रायर आणू नये. चालला असता, पण घरात एक आहे आणि ते वजन वाया जाईल. पॉवर बँक असेल तर ती हातातल्या बॅगेत ठेवावी, सामानात चालत नाही. मोकळ्या झालेल्या जागेत कारळाची चटणी भरावी. मल्टीपिन इथे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते आणि ज्वारीचे पीठ बेलग्रेव्ह रोडवर. आईच्या हातची चटणी कुठेच मिळत नाही.