खिडकीतलं खरीप

खडकवासल्यात, धरणाच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर राहून पिकाला फवाऱ्याच्या बाटलीनं पाणी घालायला धाडस लागतं. पावसाळ्यात अख्खं पुणं रोज सकाळी आमच्या धरणात किती टीएमसी जमलं ते विचारतं, १.९७ झाले की धरण भरलं. आणि इकडे मी मेथीवर दोनदा फुस्स करून, जास्त तर झालं नाही ना, या चिंतेत. पाणी जास्त झालं की बुरशी धरते आणि अख्ख्या डब्याचाच विसर्ग करावा लागतो.

गाव २०२१ साली महापालिकेत गेलं, तशी आमची शेतीही खिडकीत आली. मिठाईचा प्लास्टिकचा डबा, तळाला भोकं, दोन बोटं कोकोपीट, वर किराणा दुकानातली मेथी. ती रात्रभर भिजवायची. मोहरी मात्र कोरडीच पेरायची. भिजली की बुळबुळीत होऊन बोटांना चिकटते. धणे रगडून दोन फाका केल्या तरी सरकारी फायलीसारखे बसून राहतात. पहिले दोन-तीन दिवस अंधार आणि वर वजन. वजनाला मी जुने दिवाळी अंक ठेवतो. साहित्यानं शेतीला एवढा थेट हातभार क्वचितच लावला असेल.

डोणज्याहून आत्या आली. डबा बघून म्हणाली, "अरे, घट बसवलेस होय? मग माळ कुठाय?"

तिचं चुकत नव्हतं. तिच्या देवघरातलं धान दर नवरात्रात वीतभर, पिवळंजर्द येतं. जितकं उंच, तितकी घराची भरभराट, असा हिशेब. आता उजेड नसला की कोंब त्याच्या शोधात लांबतो, एवढंच त्यातलं विज्ञान; म्हणजे ज्याच्या देवघरात अंधार जास्त, त्याची भरभराट जास्त! हे मी आत्याला सांगितलं नाही. तिनं आतोबांकडून उरलेली खिडकीही बुजवून घेतली असती.

त्याऐवजी सांगितलं, की २०१२ साली अमेरिकेत अशा २५ प्रकारच्या कोवळ्या रोपांची तपासणी झाली आणि बहुतेकांत मोठ्या पानांपेक्षा कितीतरी जास्त जीवनसत्त्वं निघाली.

"म्हणजे इतकी वर्षं आम्ही ती नदीत सोडली?"

मुंबईकर तेवढे हुशार. समुद्राकाठच्या वाळूत मेथी पेरायची, मोठी व्हायच्या आत मुळांसकट उपटायची आणि इवल्याशा जुड्या बांधून विकायची. ती धुताना निम्मी चौपाटी मोरीत जाते, ही गोष्ट वेगळी.

आमची कापणी कात्रीनं झाली. सगळं पीक आत्याच्या तळहातावर मावलं. तिनं ते उलटसुलट केलं, निवडायला काहीच नाही म्हणून जरा नाराज झाली. "ह्याची भाजी केली तर कढईला पत्ता लागायचा नाही," म्हणाली आणि पिठल्यावर भुरभुरवून मोकळी झाली.

आतोबांनी मोहरीच्या चार काड्या दसऱ्यासारख्या टोपीत खोवल्या आणि धरणाच्या चौपाटीवर भाजलेलं कणीस खायला निघून गेले.